आजचं वाचन : पिकल्या केसांसमोर उठताना



आज जरा वेगळ्या पोथीतलं वाचन आहे. एरवी आपण ज्ञानेश्वरी घेतो, गाथा घेतो, कधी उपनिषदातला एखादा मंत्र. आजचं वचन मोशेच्या पाच पुस्तकांपैकी तिसऱ्या पुस्तकातलं. मराठी बायबलात त्याला ‘लेवीय’ म्हणतात, यहुदी लोक ‘वायिक्रा’ म्हणतात. अध्याय १९, वचन ३२. देव तिथे तीन गोष्टी सांगतो : केस पिकलेला माणूस समोर आला की उठून उभं राहायचं, वृद्धाचा मान राखायचा, आणि देवाचं भय धरायचं. बस, एवढंच वचन.

हे वचन मला आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या काकांनी दिलं. मी ठाण्यात राहतो हे तुम्हाला माहीत आहेच. काका ऐंशीच्या पुढचे, बायको गेलेली, दोन्ही मुलं इस्रायलला. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’. मराठी माझ्यापेक्षा चोख. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा सहा महिने मी त्यांना आपल्यातलेच कोकणी आजोबा समजत होतो. एकदा त्यांच्या दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली छोटी डबी दिसली, आणि विचारल्यावर कळलं की काका बेने इस्रायल आहेत. त्या डबीला मेझुझा म्हणतात. आत तोरातल्या वचनांची गुंडाळी असते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेने इस्रायल म्हणजे कोकण किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यात, शेकडो वर्षं राहिलेले मराठी यहुदी. पूर्वी बरेच जण तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, दिवेकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावं त्यांच्यातही आहेत. १८८०च्या सुमारास त्यांनी मराठीत कीर्तनं सुरू केली. मोशेचं, दावीदाचं, योसेफाचं आख्यान, आणि बाज आपल्या कीर्तनाचा! १९४८ च्या आसपास ते वीस हजारांच्या घरात होते. त्यानंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या भारतात यहुदी साडेचार हजारांच्या आसपास उरले होते, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. तरुण गेले की मागे कोण राहतं, हे सांगायला नको.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे वचन मला का टोचलं ते कळणार नाही.

माझे बाबा यवतमाळला असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं. गेली तीन वर्षं त्यांना विसरायला होतं. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या. मग रस्ते. आता कधीकधी मी. दिवसातून सात-आठ वेळा फोन करतात आणि एकच प्रश्न विचारतात, “काऊन रे बापू, कवा येतं?” मी सांगतो, “बाबा, पुढच्या महिन्यात.” वीस मिनिटांनी पुन्हा तोच फोन. एका दुपारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो आणि मी त्यांचा नंबर म्यूट केला. फक्त दुपारपुरता, असं ठरवून. तो चार महिने तसाच राहिला. स्क्रीनवर ‘बाबा’ उजळायचं आणि विझायचं. मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

एका रविवारी काकांकडे बसलो होतो. फोन टेबलावर पालथा. काकांनी विचारलं, “घरून फोन असेल तर घे की.” मी म्हटलं, “नंतर करतो काका.” ते काही बोलले नाहीत. आतून पुस्तक आणलं आणि हे वचन काढून दिलं. म्हणाले, “यात एक कोडं आहे बघ. म्हाताऱ्यासमोर उठ, हे ठीक. पण त्याला जोडून देवाचं भय कशाला सांगितलं?”

मला काही सुचलं नाही. मग त्यांनी राशींचं उत्तर सांगितलं. राशी म्हणजे अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेले मोठे भाष्यकार. आपल्याकडे गीतेला जसं शांकरभाष्य, तसं तोरा वाचणाऱ्याच्या हाताशी राशींचं भाष्य असतंच. ते म्हणतात, म्हातारा येताना दिसला की माणूस डोळे मिटून घेऊ शकतो. मग म्हणू शकतो, मला दिसलाच नाही, उठणार कसा? आता खरंच दिसला नाही की न दिसल्याचं सोंग केलं, हे बाहेरच्या कुणालाच कळणार नाही. ते फक्त त्याला स्वतःला माहीत आणि देवाला. म्हणून तिथे देवाची आठवण करून दिली आहे.

मंडळी, हे फार जुनं निरीक्षण आहे, कारण राशींच्या आधी तालमूदमध्येही हा विचार येतो. तेव्हा म्यूटचं बटण नव्हतं. पण माणूस तोच होता.

त्या रात्री मी म्यूट काढलं. गोष्ट इथेच संपली असती तर छान झालं असतं. पण फोन उचलल्याने प्रश्न सुटत नाही ना. बाबांना सांभाळायचं कुणी? आई सत्तरची, तिचे गुडघे गेलेले. रात्री बाबा उठून दार उघडायला लागले म्हणून ती दाराशी गादी टाकून झोपायची. मी नोकरी सोडू? बाबांना ठाण्याला आणू, जिथे त्यांना एकही रस्ता, एकही चेहरा ओळखीचा नाही? की एखाद्या आश्रमात ठेवू? आमच्याकडे हा शब्द नुसता उच्चारला तरी नातेवाईक गप्प होतात. त्या गप्प होण्यात निकाल दिलेला असतो.

शिक्षावल्लीत गुरू शिष्याला निरोप देताना आईला देव मान, वडिलांना देव मान असं सांगतो, ते आपण इथे वाचलंय. मी स्वतः त्यावर लिहिलंय, आणि बरेच लाइक्स मिळाले होते. पण देव स्वतःचं नाव विसरला, रात्री तीनला शाळेत जायला निघाला, आंघोळीला नकार देऊन आईवर हात उगारायला लागला, तर काय करायचं, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

काकांना विचारलं. त्यांनी मला थेट दोन मोठ्या माणसांच्या भांडणात नेऊन बसवलं.

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये रामबाम नावाचे थोर आचार्य होते, जगात मायमोनिडीस म्हणून ओळखतात. धर्मशास्त्री, आणि पेशाने वैद्य. त्यांनी लिहिलंय की आई-वडिलांचं मन ताळ्यावर राहिलं नाही, तर देव त्यांच्यावर दया करेपर्यंत मुलाने त्यांच्या कलाने घेत सेवा करायचा प्रयत्न करावा. पण ते फारच हाताबाहेर गेलं आणि मुलाला सोसेनासं झालं, तर त्याने दूर व्हावं आणि दुसऱ्या कुणाला तरी त्यांची नीट काळजी घ्यायला सांगावं. आठशे वर्षांपूर्वी एका धर्मग्रंथात ही परवानगी आहे! वाचून माझ्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

पण लगेच त्यांच्याच काळातले फ्रान्सचे राअवाद नावाचे आचार्य आडवे येतात. ते म्हणतात, हा निकाल बरोबर नाही. मुलगाच सोडून गेला, तर सांभाळायला सांगणार कुणाला?

या भांडणामागे तालमूदमधली एक कथा आहे. रव असी नावाच्या विद्वानाची म्हातारी आई होती. ती म्हणाली, मला दागिने हवेत. त्याने करून दिले. म्हणाली, मला नवरा हवा. तो म्हणाला, बघू या. मग म्हणाली, नवरा तुझ्यासारखाच देखणा हवा. तेव्हा तो तिला सोडून दुसऱ्या देशी निघून गेला. पुढे कळलं की आई त्याच्या मागोमाग येते आहे. कथा त्याला ना शाबासकी देते ना शिव्या. ज्याने कुणी ही गोष्ट जपली, त्याला ते घर माहीत होतं.

मी दोन रात्री या दोघांमध्ये अडकलो होतो. रामबाम बरोबर वाटायचे, कारण मी थकलो होतो. मग राअवादांचा प्रश्न आठवायचा, सांगणार कुणाला? त्याचं खरं उत्तर माझ्याकडे होतं. मी कुणाला सांगितलं होतं? आईला. न सांगताच. दर महिन्याला पैसे पाठवत होतो आणि ‘दुसरं कुणीतरी’ म्हणून दाराशी गादी टाकून माझी आईच झोपत होती. आपल्याकडे ‘आम्ही आश्रमात नाही ठेवलं हो’ असं अभिमानाने सांगणाऱ्या कितीतरी घरांत ते ‘दुसरं कुणीतरी’ एखादी सून असते, लग्न न झालेली बहीण असते, नाहीतर म्हातारी बायको. तिची गणती होत नाही म्हणून आपण पुण्यवान ठरतो.

म्हणजे माझ्यापुरता प्रश्न बदलला. बाबांना कुठे ठेवायचं हे त्यात दुसरं होतं. पहिलं हे, की मी कुणावर भार टाकतोय ते मला दिसतंय का, आणि तिथेही मी डोळे मिटलेत का?

काकांच्या समाजाने यावर काय केलं तेही बघण्यासारखं आहे. तरुण पिढी समुद्रापार गेली, मागे एकटे म्हातारे राहिले. तेव्हा राअवादांच्या प्रश्नाला समाजालाच उत्तर द्यावं लागलं. १९१४ साली अमेरिकेत स्थापन झालेली ‘जॉइंट’ नावाची यहुदी मदतसंस्था मुंबईतही काम करते. गरजू ज्येष्ठांना महिन्याची मदत, औषधपाणी, सणावाराला एकत्र जमणं अशी कामं समाजकेंद्रातून चालतात. ज्यांना घरी बघणारं कुणीच नाही अशांसाठी एक छोटं निवासगृहही उभं राहिलं. त्याचं नाव ‘बायिती’, हिब्रूत ‘माझं घर’. आणि हिब्रूत वृद्धाश्रमाला साधा शब्दच ‘बेत अवोत’ असा आहे, म्हणजे ‘वडीलधाऱ्यांचं घर’. अलिबागच्या इस्रायल आळीत जुनं सिनेगॉग आहे, मागेन आबोथ, म्हणजे ‘पूर्वजांची ढाल’. दोन्हीकडे शब्द तोच आहे. आपण ‘वृद्धाश्रम’ म्हणताना आवाज खाली घेतो. त्यांच्या भाषेत त्या घराला वाडवडिलांचं नाव आहे.

आपल्याकडे सोय नाही असं नाही. आमच्याच जिल्ह्यात आर्णी तालुक्यात उमरी पठारला संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे, संताच्या नावाने चालणारा. २००७ चा केंद्राचा कायदाही आहे. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो, आणि प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निदान एक आश्रम असावा असं त्यात म्हटलंय. पण कायदा पोट भरायला लावू शकतो, उठून उभं राहायला नाही. ते राशींनी म्हटल्याप्रमाणे मनातलं काम आहे.

यावरही त्यांच्याकडे एक झणझणीत गोष्ट आहे. एक मुलगा बापाला रोज पोसलेल्या कोंबड्यांचं जेवण द्यायचा. बापाने एकदा विचारलं, बाळा, हे तू आणतोस कुठून? मुलगा खेकसला, म्हाताऱ्या, गप गिळ. दुसऱ्या मुलाने बापाला जातं ओढायला बसवलं होतं. कारण राजाचे लोक जातं ओढणाऱ्यांना वेठीला न्यायला आले होते. मुलगा म्हणाला, बाबा, माझ्या जागी तुम्ही इथे दळा, तिकडे अपमान आणि मार असेल तर तो मी खातो. पहिला नरकात गेला, दुसरा स्वर्गात. कोंबडी खाऊ घालणारा नरकात! मी दर महिन्याला यूपीआय करतो, तेव्हा ही गोष्ट आठवते.

शेवटची गोष्ट काकांनी हसत सांगितली. त्यांच्या परंपरेत सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. नऊ जमले तर काही भाग म्हणताच येत नाही. काकांच्या लहानपणी त्यांच्या गावातून एकेक घर इस्रायलला गेलं आणि दहाचा आकडा जमेना. मग शेजारच्या गावातल्या एका अगदी थकलेल्या आजोबांना बैलगाडीतून आणायचे. त्यांना ना नीट ऐकू यायचं, ना दिसायचं. प्रार्थना चालू असताना ते डुलक्या काढायचे. “पण ते आल्याशिवाय सुरुवात नाही,” काका म्हणाले. “गाडी दिसली की सगळे उठून उभे. म्हातारपणात त्यांना जो भाव आला तो तरुणपणी नव्हता रे!”

मला तेव्हा कळलं की बाबांचं काय हरवलंय. औषधं होती, जेवण होतं, पैसे होते. पण त्यांच्यावाचून अडतं असं जगात काहीच उरलं नव्हतं. आम्ही सगळे त्यांना सांभाळत होतो, आणि त्यांना धरून कुणीच मोजत नव्हतं.

मी यवतमाळला गेलो. धामणगावला उतरून एसटीने. बाबांनी मला ओळखलं नाही, कुणीतरी पाहुणा समजून “बसा ना” म्हणाले. संध्याकाळी त्यांना हात धरून दत्त चौकात घेऊन गेलो. रिक्षा स्टँडवर एक पन्नाशीचा रिक्षावाला सीटवर पाय टाकून बसला होता. बाबांना बघितलं आणि झटकन खाली उतरून उभा राहिला. “गुरुजी! वळखलं काय?” बाबांनी काही ओळखलं नव्हतं. पण त्यांची पाठ सरळ झाली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पाढे पाठ हायेत ना?” तो म्हणाला, “हाव जी गुरुजी, सतरापर्यंत.” आणि रस्त्यात उभा राहून त्याने सतराचा पाढा म्हणून दाखवला. बाबा मध्ये एके ठिकाणी अडवून म्हणाले, “चुकला.” तो खरंच चुकला होता.

तालमूदमध्ये म्हटलंय की शिकलेलं सगळं विसरलेल्या म्हाताऱ्याचा मान सांभाळा, कारण मोशेने फोडलेल्या दगडी पाट्यांचे तुकडेही नव्या अखंड पाट्यांबरोबर त्याच पवित्र पेटीत ठेवले होते. तुकडे झाले म्हणून कुणी फेकले नाहीत. मी हे आधी वाचलं होतं. समजलं ते दत्त चौकात.

आता व्यवस्था अशी आहे. गल्लीतल्या एक ताई दिवसभर येतात, योग्य पगारावर. रात्रीसाठी आठवड्यातून तीन दिवस एक मुलगा येतो, म्हणजे आई त्या रात्री पलंगावर झोपते. मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाला मी विनंती केली. ते गुरुवारी बाबांना घ्यायला येतात आणि त्यांच्या हातात टाळ देतात. नावं विसरलेत, पण ठेका सुटत नाही. गुरुजी आल्याशिवाय सुरू करायचं नाही असं मंडळाने ठरवलंय. मी महिन्यातून चार दिवस जातो. हे पुरेसं आहे का? नाही. उद्या रात्रीचं आणखी अवघड झालं तर आश्रमाचा विचार करावा लागेल, आणि तेव्हा मी आवाज खाली घेणार नाही. पण ‘सांगणार कुणाला’ हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारीन. रामबामांची परवानगी राअवादांच्या प्रश्नासकटच घ्यायची असते, असं मला वाटतं.

तालमूदमध्येच एक रब्बी योहानान आहेत. ते परक्या लोकांतल्या, वेगळा धर्म पाळणाऱ्या म्हाताऱ्यांसमोरही उठून उभे राहायचे. म्हणायचे, या माणसाने किती काय काय सोसलं असेल. मंडळी, आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत असा कुणी एकटा म्हातारा असेल. तो कुठल्या देवाचा आहे हे विचारायची गरज नाही.

आजचा संकल्प : ज्या एका वडीलधाऱ्याच्या फोनकडे आपण बघून न बघितल्यासारखं करतो, त्यांना आज आपणहून फोन करायचा. आणि फोन आला की शक्य असेल तर उभं राहून बोलायचं. पलीकडे दिसत नाही, हे खरं. ज्याला दिसायचं त्याला दिसतं.

बाबांचा फोन येतोय. उठतो.

राम कृष्ण हरी.